ऑनलाइन कॉम्बिनेटोरिक्स सेमिनार: सिद्धता सुरू झाली की धागा सुटतो, काय करावं?

विषमचक्र (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ग्राफ थिअरीचा (शिरोबिंदू म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या कडा, यांच्या जाळ्यांचा) पदव्युत्तर अभ्यासक्रम झाला आहे. टुरानचं प्रमेय, रामसे संख्यांच्या सुरुवातीच्या मर्यादा, संभाव्यतेची पद्धत, सेमेरेडीच्या रेग्युलॅरिटी लेमाचं (मोठा ग्राफ जोड्याजोड्यांनी यादृच्छिक वाटणाऱ्या तुकड्यांत विभागता येतो, या सहायक प्रमेयाचं) विधान, एवढी शिदोरी आहे. तिच्यावर ऑनलाइन संशोधन-सेमिनार ऐकायला सुरुवात केली आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. दर आठवड्याला इतके सेमिनार असतात, त्यातून निवडायचे कसे? आणि मार्च-ऑक्टोबरच्या सुमारास त्यांच्या वेळा सरकतात त्याचं गणित काय?

२. पहिली पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे इतिहास आणि प्रमेयाचं विधान, समजतात. सिद्धता सुरू झाली की धागा सुटतो. स्लाइड पुढे गेली की आधीची व्याख्याही गेली. मधेच "१/एन ≪ एप्सिलॉन ≪ डेल्टा" असं काहीतरी येतं आणि वक्ता त्यावर न थांबता पुढे जातो. आधी तयारी काय करावी, ऐकताना काय लिहावं?

३. आम्ही सात-आठ जण वेगवेगळ्या देशांतून दर पंधरवड्याला एक छोटा ऑनलाइन सेमिनार सुरू करणार आहोत. स्लाइड की टॅबलेटवर हाताने लिहिणं? रेकॉर्डिंग करावं का? आणखी कुठे अडतं?

द्विभाज

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो सुटला की पहिल्याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं.

व्याख्यानाचा सारांश आला की त्यात तीन गोष्टी शोधा: कोणत्या राशीबद्दल बोलणं आहे, तिची आधी माहीत असलेली मर्यादा काय, आणि नवी मर्यादा काय. मग व्याख्यानाच्या आधी पाऊण तास काढून जुन्या मर्यादेची सिद्धता कागदावर स्वतः लिहून काढा. नवा पेपर वाचायची गरज नाही. जुना युक्तिवाद नेमका कुठे तोकडा पडतो, तिथूनच बहुतेक नव्या सिद्धता सुरू होतात, आणि ती जागा हाताखालून गेलेली असली की वक्त्याच्या बरोबर चालता येतं.

कर्णीय रामसे संख्यांचंच घ्या. आर(के, एल) म्हणजे शिरोबिंदूंची अशी सर्वांत लहान संख्या, की त्यांच्यातली प्रत्येक कड लाल किंवा निळी कशीही रंगवली तरी के ची लाल किंवा एल ची निळी क्लीक (आपसांत सगळे जोडलेले शिरोबिंदू) सापडतेच. के = एल असलं की ती कर्णीय. एर्डोश आणि सेकेरेश यांची १९३५ ची सिद्धता अर्ध्या पानाची आहे. एक शिरोबिंदू निवडा. त्याचे लाल शेजारी पुरेसे असतील तर त्यांच्यात शिरा, नाहीतर निळ्या शेजाऱ्यांत. त्यातून आर(के, एल) ≤ आर(के−१, एल) + आर(के, एल−१) मिळतं, आणि द्विपद सहगुणकांवरून आर(के, के) ही संख्या ४ च्या के-व्या घातापेक्षा लहान ठरते. खालच्या बाजूला एर्डोशचा १९४७ चा युक्तिवाद: प्रत्येक कडेचा रंग नाणं उडवून ठरवा, एकरंगी के-क्लीकची अपेक्षित संख्या १ पेक्षा कमी येईल असा एन (शिरोबिंदूंची संख्या) निघतो, आणि तो साधारण √२ च्या के-व्या घाताइतका असतो. हे दोन्ही लिहायला वीस मिनिटं पुरतात.

आता कांपोस, ग्रिफिथ्स, मॉरिस आणि सहस्रबुद्धे यांच्या २०२३ च्या निकालावरचं व्याख्यान उघडा. त्यांनी ४ च्या जागी ४ पेक्षा किंचित लहान स्थिरांक आणला. पाचव्या-सहाव्या स्लाइडवर 'बुक' येतं: शिरोबिंदूंचे दोन संच ए आणि बी, ए च्या आतल्या सगळ्या कडा लाल आणि ए-बी मधल्याही सगळ्या लाल. ए मध्ये टी शिरोबिंदू असतील आणि बी मध्ये किमान आर(के−टी, के) इतके, तर काम झालं. कारण बी मध्ये एक तर (के−टी) आकाराची लाल क्लीक सापडेल, आणि ती ए ला जोडली की के ची लाल क्लीक तयार. नाहीतर बी मध्ये के ची निळी क्लीक सापडेलच. वक्ता हे वीस सेकंदांत सांगून मोकळा होतो. जुनी सिद्धता ताजी असेल तर ते वीस सेकंद पुरतात. नसेल तर तुम्ही तिथेच अडकता आणि पुढचं सगळं आवाज होऊन जातं.

"१/एन ≪ एप्सिलॉन ≪ डेल्टा" ही साखळी उजवीकडून डावीकडे वाचायची. आधी डेल्टा ठरतो. मग डेल्टाच्या मानाने पुरेसा लहान एप्सिलॉन निवडतात. शेवटी या दोन्हींच्या मानाने प्रचंड मोठा एन. म्हणजे एप्सिलॉन डेल्टावर अवलंबून राहू शकतो, उलट कधीच नाही. रेग्युलॅरिटी लेमा वापरला असेल तर मधे आणखी एक कडी असते: एप्सिलॉन ठरल्यावर तुकड्यांच्या संख्येची वरची मर्यादा ठरते, आणि ती घातांच्या मनोऱ्यासारखी वाढते. असा मनोरा टाळता येत नाही हे गॉवर्सने १९९७ मध्ये दाखवलं. "एन पुरेसा मोठा" हे शब्द अशा व्याख्यानात अक्षरशः घ्यायचे.

ऐकताना कागदाचे दोन भाग करा. डाव्या अरुंद पट्टीत फक्त चिन्हं: कोणतं अक्षर कशासाठी आणि ते कोणत्या स्लाइडवर आलं. उजवीकडे सिद्धतेचा सांगाडा. स्क्रीनवरून व्याख्या निघून जाते ही तुमची तक्रार अगदी रास्त आहे. ही डावी पट्टी त्यासाठीच. धागा सुटला तर मागचं जोडत बसू नका. स्लाइडचा क्रमांक लिहून प्रश्नचिन्ह टाका आणि वक्ता "म्हणजे आता एवढंच दाखवायचं उरलं" म्हणेल त्याची वाट बघा. तिथे नवं विधान येतं. ते मागच्या गुंत्यापासून मोकळं असतं, तिथून परत आत शिरता येतं. तासाभराच्या व्याख्यानात अशा दोन-तीन जागा तरी असतात.

लघुतममार्ग

वेळांचं सांगतो.

सगळं यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहून ठेवायची सवय लावा, पण एक लक्षात घ्या: सेमिनार यूटीसीला बांधलेला नसतो, आयोजकांच्या घड्याळाला बांधलेला असतो. लंडनच्या दुपारी २ ला असणारा सेमिनार हिवाळ्यात १४:०० यूटीसीला आणि उन्हाळ्यात १३:०० यूटीसीला होतो. युरोपातली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्यामुळे मार्चमध्ये दोन किंवा तीन आठवडे, आणि शरद ऋतूत बरोबर एक आठवडा, न्यूयॉर्क-लंडन अंतर ५ तासांऐवजी ४ तासांचं असतं. कोरिया, जपान, चीन घड्याळ हलवत नाहीत. सिडनीसारख्या दक्षिण गोलार्धातल्या शहरांत उलट दिशेने हलतं, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. तुमचे सात-आठ जण असे विखुरलेले असतील तर वेळ कोणत्या शहराच्या घड्याळाने चालणार ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि प्रत्येक निमंत्रणात त्या शहराचं नाव लिहा. "संध्याकाळी ५, युरोपियन वेळ" असं लिहिलं की गोंधळ ठरलेला. कॅलेंडरमध्ये नोंद करतानाही टाइम झोन म्हणून ते शहरच निवडा. स्थिर यूटीसी फरक टाकलात तर नोंद मार्चनंतर तासाने चुकते.

शोधायला रिसर्च सेमिनार्स डॉट ऑर्ग हे सगळ्यात सोयीचं. २०२० मध्ये सुरू झालं. विषयानुसार गाळता येतं आणि वेळा तुमच्या टाइम झोनमध्ये दिसतात. फक्त लिंक कधीकधी शिळी असते, म्हणून सेमिनारचं स्वतःचं पान एक दिवस आधी उघडून बघा.

निवडीबद्दल माझं मत ठाम आहे. एकच सेमिनार धरा आणि तो सलग एक सत्र ऐका. प्रत्येक सेमिनारचा एक कल असतो: कुठे एक्स्ट्रीमल आणि प्रोबॅबिलिस्टिक, कुठे स्ट्रक्चरल, म्हणजे मायनर, ट्रीविड्थ, मॅट्रॉइड, तर कुठे बीजगणिती. एकाच ठिकाणी बसलात की तीच साधनं पुन्हा पुन्हा कानावर पडतात, आणि चौथ्या-पाचव्या व्याख्यानाला 'ॲब्सॉर्प्शन' किंवा 'कंटेनर' असा एखाद्या सिद्धता-तंत्राचा शब्द आला की तो ओळखीचा वाटतो. दर आठवड्याला नवीन जागी गेलात तर प्रत्येक वेळी नवी भाषा.

पीटरसन१०

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. आठ माणसांच्या सेमिनारला फार यंत्रणा लागत नाही, पण काही गोष्टी सुरुवातीलाच नीट बसवल्या तर पुढे त्रास होत नाही.

मीटिंगला दोन होस्ट हवेत. एकाचं कनेक्शन तुटलं तरी खोली चालू राहते, आणि एक जण चॅटकडे बघत असताना दुसरा वेळेकडे बघू शकतो. झूमचं मोफत खातं वापरणार असाल तर मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते, म्हणजे सिद्धतेच्या ऐन मध्यावर. वक्त्याला पंधरा मिनिटं आधी बोलवा आणि नुसता "आवाज येतोय का" विचारून थांबू नका. त्याला सगळ्यात दाट आकृतीची स्लाइड शेअर करायला सांगा आणि ती लहान स्क्रीनवर बघा. व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये बारीक रेषा पहिल्यांदा जातात. तीस-चाळीस शिरोबिंदूंचा दाट ग्राफ पातळ रेषांनी काढला असेल तर तिथे करडा डाग दिसतो. रेषा जाड करा, आणि शक्य असेल तर संपूर्ण ग्राफऐवजी ज्या चार-पाच शिरोबिंदूंवर युक्तिवाद चालतो तेवढेच काढा, उरलेला भाग एका वर्तुळात.

रंगांची काळजी रामसेच्या व्याख्यानांत फार महत्त्वाची. लाल-हिरवा फरक काही जणांना दिसतच नाही. निळा आणि नारिंगी घ्या, शिवाय एक रंग सलग रेषेने आणि दुसरा तुटक रेषेने काढा.

पासवर्ड सार्वजनिक पानावर टाकायचा नसेल तर कोडं द्यायची पद्धत चांगली चालते, पण उत्तर एकच असलं पाहिजे. "५ शिरोबिंदूंच्या वृक्षांची संख्या" असं लिहिलंत तर निम्मे लोक शिरोबिंदूंना वेगवेगळी नावं धरून केलीच्या सूत्राने १२५ टाकतील आणि निम्मे फक्त आकार मोजून ३. "नामांकित" हा शब्द घातला की प्रश्न मिटला. "पीटरसन ग्राफच्या कडांची संख्या आणि त्याला जोडून आर(४,४)" म्हणजे १५१८, हे निर्विवाद.

स्लाइड की टॅबलेट? माझा कौल सिद्धतेसाठी टॅबलेटला, विधानांसाठी स्लाइडला. स्लाइडवर सिद्धता वाचण्याच्या वेगाने धावते. हाताने लिहिताना ती विचार करण्याच्या वेगाने चालते. टॅबलेटची अडचण अशी की खऱ्या फळ्यावर चार चौकोन एकाच वेळी दिसतात, इथे एकच. उपाय म्हणून पानाच्या वरच्या पाचव्या भागात प्रमेयाचं विधान आणि चिन्हं ठेवा, आणि नवं पान घेतलं की ती पट्टी तशीच वर चिकटवा. स्क्रोल मात्र करू नका. वर सरकलेला मजकूर ऐकणाऱ्याला परत आणता येत नाही.

हुआंगची २०१९ ची सिद्धता याचा उत्तम नमुना आहे. सेन्सिटिव्हिटी कंजेक्चर (बूलियन फलनांबद्दलचं जुनं अनुमान) त्यातून सुटलं, आणि अख्खी सिद्धता एका टॅबलेट-पानावर मावते. विधान: एन मितीच्या घनात (शिरोबिंदू म्हणजे एन लांबीच्या ०-१ च्या ओळी, एकाच जागी फरक असलेल्या दोन ओळी शेजारी) २ चा (एन−१) वा घात अधिक १ इतके शिरोबिंदू कसेही निवडा, त्यांच्यातल्या एकाला तरी निवडलेले किमान √एन शेजारी असतात. वरच्या पट्टीत हे विधान. खाली आधी एन = २, म्हणजे चौकोन. त्याच्या चार कडांपैकी तीन अधिक आणि एक उणे करा. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये दोन पायऱ्यांच्या दोन वाटा आहेत. एका वाटेचा गुणाकार +१ येतो, दुसरीचा −१, बेरीज शून्य. आणि प्रत्येक कोपऱ्यावरून निघून दोन पायऱ्यांत परत यायच्या वाटा दोन, दोन्ही +१. म्हणजे चिन्हांकित मॅट्रिक्सचा (दोन कोपऱ्यांत कड असेल तिथे तिचं +१ किंवा −१, नाहीतर ०) वर्ग = २ गुणिले एकक मॅट्रिक्स. ही आकृती पडद्यावर पूर्ण एक मिनिट राहू द्या. पुढे एन साठी तेच: मोठ्या घनाच्या एका अर्ध्याला आधीचीच चिन्हं, दुसऱ्या अर्ध्याला सगळी उलट, दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या कडा अधिक. वर्ग एन गुणिले एकक येतो, म्हणून आयगेनव्हॅल्यू (मॅट्रिक्स ज्या पटीने काही ठरावीक सदिश ताणतं ते आकडे) फक्त +√एन आणि −√एन. कर्णावर शून्यं असल्याने दोन्ही सारख्याच वेळा, म्हणजे निम्म्या-निम्म्या. निम्म्यापेक्षा एक जास्त शिरोबिंदू घेतले की कॉशीच्या इंटरलेसिंगने (मॅट्रिक्स आणि त्याच्या तुकड्याच्या आयगेनव्हॅल्यूंचा संबंध सांगणाऱ्या प्रमेयाने) उपमॅट्रिक्सची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू किमान √एन, आणि ती कमाल डिग्रीपेक्षा (एका शिरोबिंदूच्या शेजाऱ्यांच्या सर्वांत मोठ्या संख्येपेक्षा) जास्त असू शकत नाही. संपलं. हेच स्लाइडवर मॅट्रिक्सच्या ठोकळ्यांनी दाखवलं तर लोक मान डोलावतात पण ती काटाकाट कुणाला दिसत नाही. तुमच्या सेमिनारचं पहिलं सत्र यावरच घ्या.

विषमचक्र

मनापासून आभार, हे सगळं वापरणार आहे. दोन उपप्रश्न: चॅटमध्ये प्रश्न टाकावा की मध्येच बोलावं? आणि आपल्या पातळीवर विचारण्याजोगा प्रश्न कसा ओळखायचा? रेकॉर्डिंगचंही राहिलं.

द्विभाज

चिन्हाचा किंवा व्याख्येचा प्रश्न असेल तर लगेच आणि तोंडी. "स्लाइड ७ वर डी म्हणजे सरासरी डिग्री की किमान?" याला पाच सेकंद लागतात आणि तीच शंका असलेले आणखी चार जण सुटतात. यासाठीच स्लाइडवर ठळक क्रमांक हवेत. वक्त्याने घातले नसतील तर आयोजकाने आधीच आठवण करावी. चॅट हे वक्त्याला दिसत नाही असं धरून चला. चॅटमधलं मोठ्याने वाचायचं काम दुसऱ्या होस्टचं. उशिरा आलेल्यांना आधीचे संदेश बहुधा दिसत नाहीत, म्हणून पेपरची लिंक आणि मुख्य विधान दर पंधरा मिनिटांनी पुन्हा टाका.

शेवटी विचारायच्या प्रश्नांसाठी पात्रता लागते असं वाटून घेऊ नका. कॉम्बिनेटोरिक्समध्ये काही प्रश्न जवळपास प्रत्येक व्याख्यानाला लागू पडतात आणि त्यांची उत्तरं खरोखर माहिती देतात. मर्यादा तंतोतंत आहे का, आणि असेल तर ती गाठणारं उदाहरण एकमेव आहे का? जवळपास गाठणारे ग्राफ त्या उदाहरणासारखेच दिसतात का, म्हणजे स्टॅबिलिटी आहे का? एन मोठा असणं सिद्धतेत नेमकं कुठे लागलं? त्रि-एकरूप हायपरग्राफमध्ये (जिथे एक कड तीन शिरोबिंदूंना जोडते) पहिली पायरी कुठे मोडते? सिद्धतेतून तो ग्राफ प्रत्यक्ष बांधता येतो की फक्त अस्तित्व कळतं? यातला शेवटचा प्रश्न यादृच्छिक रचना वापरणाऱ्या कुठल्याही व्याख्यानाला विचारा. एर्डोशच्या १९४७ च्या मर्यादेबाबतही √२ सारखा घातांकी आकडा देणारी उघड रचना सापडलेली नाही, तेव्हा तो प्रश्न पोरकट ठरत नाही.

लघुतममार्ग

रेकॉर्डिंग: वक्त्याला आधी लेखी विचारा, आणि सत्राच्या सुरुवातीला पुन्हा तोंडी. अनेक जण अजून आर्काइव्हवर (पेपर खुले ठेवायच्या arXiv या संकेतस्थळावर) न टाकलेलं काम सांगत असतात, त्यांना नको असणं स्वाभाविक आहे. मधला मार्ग म्हणजे व्याख्यान रेकॉर्ड करायचं आणि प्रश्नोत्तरांच्या आधी बटण बंद करायचं. कॅमेरा चालू असताना सोपे प्रश्न विचारले जात नाहीत.

बघणाऱ्याच्या बाजूने म्हणाल तर रेकॉर्डिंगचा खरा उपयोग थांबवण्यात आहे. दीडपट वेगाने बघून काही हाती लागत नाही. प्रमेयाचं विधान आलं की थांबवा, एन = ४ किंवा ५ साठी हाताने करून बघा, मगच पुढे जा. प्रिन्स्टनच्या आयएएस या संशोधन संस्थेतल्या कॉम्प्युटर सायन्स आणि डिस्क्रीट मॅथ सेमिनारचे व्हिडिओ खुले आहेत. त्यातलं मंगळवारचं सत्र दोन तासांचं असतं, त्यात सिद्धता तपशिलाने होतात. तुमच्या टप्प्यावर तेच जास्त उपयोगी. कॅनडातल्या बॅन्फच्या बर्स या गणित-केंद्राच्या कार्यशाळांची आणि कोरियातल्या आयबीएस या संशोधन संस्थेच्या डिस्क्रीट मॅथ गटाची व्याख्यानंही मिळतात.

पीटरसन१०

लघुतममार्ग यांच्याशी थोडा असहमत. आठ जणांच्या गटात रेकॉर्डिंग ठेवूच नका, निदान पहिले तीन महिने. व्हिडिओ मिळणार हे माहीत असलं की लोक थेट यायचे कमी होतात, आणि आठातले तीन उरले की सेमिनार बंद पडतो. त्याऐवजी प्रत्येक सत्रासाठी एक टिपणकर्ता नेमा. दोन पानं पुरे: विधान, चिन्हांची यादी, सिद्धतेच्या पायऱ्या, आणि न सुटलेले प्रश्न स्लाइड क्रमांकासह. ४८ तासांच्या आत ती वक्त्याकडे जाऊन दुरुस्त होऊन परत यावीत. उशीर झाला की वक्ताही विसरतो.

आणि टिपणात पेपरची आवृत्तीही लिहा. आर्काइव्हवरच्या पहिल्या आणि तिसऱ्या आवृत्तीत लेमांचे क्रमांक बदलतात, कधी स्थिरांकही सुधारतो. "लेमा ४.२" एवढंच लिहिलेलं सहा महिन्यांनी भलत्याच लेमाकडे बोट दाखवतं.

विषमचक्र

टिपणकर्त्याची पाळी आणि वक्त्याची पाळी एकच असावी का?

पीटरसन१०

नाही. पुढच्या सत्रात बोलणारा या सत्राची टिपणं घेईल असं लावा. सिद्धता ऐकणाऱ्याला कुठे सुटते हे त्याला ताजं ताजं कळलेलं असतं, आणि त्याच्या स्वतःच्या स्लाइडमध्ये ते उतरतं.